वन्सं, तुमचे फ्रेंच सिनेमे आणि सारोळ्याची चौकशी

वन्सं, तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. सकाळपासून माणसं जेवून गेली, तुमच्या भावानं जन्मात पहिल्यांदा स्वतःहून भांडी आत आणून ठेवली, आणि घर शांत झाल्यावर मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही माझी थोरली नणंद असून तीस वर्षं माझ्याशी मैत्रिणीसारख्या भांडलात, तेव्हा एवढी सवलत मला द्यायला हवी.

परवा सारोळ्याहून हमीदाबाई भेटायला येऊन गेल्या. त्या काय बोलल्या ते पुढे सांगते. पण त्या गेल्यापासून मला एकच गोष्ट कळायला हवी आहे: माझ्या वैशूच्या लग्नात तुम्ही मला फसवलंत का? सरळ विचारायचं तर तुम्ही नाही. म्हणून आधी आपल्या सिनेमांबद्दल बोलते, कारण माझा संशय तिथूनच सुरू झाला होता.

भोरात केबल आली तेव्हा सगळ्यांनी मालिका धरल्या आणि तुम्ही धरलात तो फ्रेंच चॅनल. शौकत केबलवाला तुमचा विद्यार्थी. त्यानं एकदा तो चॅनल काढून तिथं भक्तिगीतांचा लावला, तर तुम्ही छत्री घेऊन थेट त्याच्या दुकानात. नंतर तो वायर ओढायला घरी आला तेव्हा मला म्हणाला, "वैनी, आख्ख्या भोरात ह्यो चॅनल बाईंबिगर कोण बघत न्हाई. पर बाईंनी मला इंग्रजीत पास केलंय, मी काय बोलू?" रविवारी दुपारी अडीचला सिनेमा लागायचा. मला सुट्टी असायची. वैशू तेव्हा कॉलेजात होती. तिला तसल्या सिनेमांपेक्षा झोप प्यारी होती. उरलो आपण दोघी, आणि शेंगदाण्यांची वाटी.

तिथं सगळे प्रेमाचे सिनेमे, हसायचे म्हणून काढलेले. मला क्वचितच हसू आलं. खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि तुम्ही त्या वाचून मला मराठीत सांगायचात. म्हणजे मला गोष्ट कळायची ती तुमच्या तोंडून, आणि तुम्ही त्यात किती गाळता यावर माझं बारीक लक्ष असे. पडद्यावर ती बाई हातवारे करत मिनिटभर बोलायची आणि तुम्ही म्हणायचात, "नाही म्हणतेय."

"एवढंच?"

"एवढंच गं. बाकी सगळा पाल्हाळ."

भूमी अभिलेखाच्या नकला देण्यात माझी उभी नोकरी गेली, वन्सं. मूळ कागदावर चार ओळी आणि नकलेत एक, असं माझ्यापुढे आलं तर मी सही करत नाही. तुमच्यावर मात्र इतकी वर्षं सही करत राहिले.

त्या सिनेमांबद्दल माझी मतं तुम्हाला पाठ होती. तरी पुन्हा ऐका, आता "गप्प बस, मला वाचू दे" म्हणायला कुणी नाही. त्या लोकांना कामधंदा नसतो. नायक कुठल्याशा मासिकाचा संपादक आहे असं सांगतात, पण तो कचेरीत दिसतो तो दार लोटून बाहेर पडताना. दुपारचे दोन तास तो हॉटेलच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझी रजा मंजूर आहे का. भरल्या ताटावरून उठून जातात, प्रत्येक सिनेमात, आणि ते अन्न पुढे कोण खातं हे दाखवत नाहीत. सोडलेली बायको दूध घालायला आल्यासारखी येते, आधीच्या नवऱ्याच्या नव्या बाईच्या गालाला गाल लावते आणि त्याच्या फ्रीजमधलं चीज खाते. तिच्याकडे त्या घराची किल्ली असते. का असते? किल्ली परत घेण्याइतकीही अक्कल त्या माणसाला नसेल तर त्याच्यावर तिसऱ्या बाईनं जीव का टाकावा? आणि भांडताना ते एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देतात. इथेच मला कळायचं की हे सगळं खोटं आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे चौकशी नाही. दीड तासात कुणी कुणाचं गाव विचारत नाही. बाप काय करतो, घरात कोण कोण, आधीचं का मोडलं, काही नाही. माणूस अर्धा सिनेमा त्या पोरीशी खोटं बोलतो, शेवटी स्टेशनवर धापा टाकत पोचतो, आणि ती त्याला माफ करते. धापा टाकल्या म्हणजे काय पुरावा झाला? मी हे म्हटलं की तुम्ही शेंगदाण्याची सालं फुंकत म्हणायचात, "मंदा, तू असतीस तर त्याला प्रतिज्ञापत्र आणायला लावलं असतंस." हो, लावलंच असतं.

आणि हे कोण म्हणतंय, तर तुम्ही! भोर-वेल्ह्यात आपल्या नात्यातलं एकही लग्न तुमच्या चौकशीशिवाय जमलं नाही. लोक जायचे ते पोलीस पाटलाला नाहीतर भावकीला विचारून यायचे आणि गोडगोड ऐकून परतायचे. तुमची तऱ्हा वेगळी. मुलाच्या गावी एसटीनं जायचं, तिथं ब्लाऊज शिवणारी बाई शोधायची आणि तिच्याकडे ब्लाऊजपीस टाकायचा. मापं देता देता मुलाच्या घरचा विषय काढायचा. आठवड्यानं ब्लाऊज आणायला जायचं आणि तेच प्रश्न उलट्या बाजूनं विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर स्थळ चांगलं. शिवणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं, कुठल्या सुनेची मापं वर्षात उतरली तेसुद्धा, असं तुमचं म्हणणं. तुमच्या कपाटात त्यामुळे गावोगावचे ब्लाऊज होते, कुणाची बाही ढगळ, कुणाचा गळा आखूड. ते घालून तुम्ही शाळेत जायचात आणि मी हसायचे.

वैशूचं सारोळ्याचं स्थळ आलं तेव्हाही तुम्ही गेलात. मी चिठ्ठी लिहून दिली: संतोष शिंदे, सारोळे, कंपनीत नोकरी. दोन फेऱ्या झाल्या. तुम्ही येऊन सांगितलंत, "मुलगा अगदी शांत. बापाला उलटून बोलत नाही. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. घर पत्र्याचं आहे, पण माणसं नीट." मग मुलगा बघायला आला, वैशूला पसंत पडला. आम्ही दोघं त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा तुम्ही दहावीच्या पेपर तपासणीला अडकलेल्या. घर पाहिलं तर चांगलं स्लॅबचं, हायवेच्या पल्याड. आम्ही खूश. तेव्हा तुम्हाला विचारलंसुद्धा नाही की पत्र्याचं कसं म्हणालात. संशय घ्यायचा तो मी वाईटाचाच घेत आले. वाटलं होतं त्याहून चांगलं निघालं की मी कधी चौकशी करत नाही, हे मला परवा कळलं.

लग्न झालं आणि सहा महिन्यांत माझी कुरकुर सुरू झाली. तुमच्या शांत मुलाचा आवाज हायवेपर्यंत जात होता. जावई आला की आधी ओट्यापाशी येऊन पातेल्यांची झाकणं उचलायचा, मग मला कंपनीतल्या गोष्टी सांगत बसायचा, मी ऐकते की नाही तेही न बघता. बापाशी त्याचं रोज वाजायचं. खिशात तंबाखूची पुडी. मी तुम्हाला म्हटलं, "वन्सं, ही तुमची चौकशी?"

तुम्ही टीव्हीवरची नजर काढली नाहीत. म्हणालात, "लग्नानंतर माणसं बदलतात."

"सहा महिन्यांत? आणि घरसुद्धा पत्र्याचं होतं ते स्लॅबचं झालं?"

"बघू दे गं मला. तो आता तिला खरं सांगणार आहे."

आठवतोय तो सिनेमा? दातांच्या डॉक्टरीणबाईच्या दारात चुकून दुसऱ्याच कुणाची फुलं येतात. ती परत करायला जाते आणि ज्यानं पाठवली त्याच्याशीच तिचं जुळतं. मी संतापले होते. म्हटलं, फुलं आणणाऱ्यानं नाव वाचलं नाही? पोच घेतली नाही? असल्या चुकीवर कुणी संसार उभा करतं का? तुम्ही त्या दिवशी नेहमीसारखं हसून सोडलं नाहीत. टीव्हीचा आवाज बंद केलात. म्हणालात, "माझ्या वेळी बाबांनी दहा ठिकाणी चौकशी केली होती, मंदा. सगळं बरोबर निघालं. निर्व्यसनी, मितभाषी, नोकरी कायम. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं."

तीन वर्षांत तुम्ही माहेरी परत आलात, शिकलात, शिक्षिका झालात. त्या तीन वर्षांत काय झालं हे या घरात कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. त्या दुपारी तुम्ही सांगायच्या बेतात होतात असं मला आता वाटतं. मी काय केलं? म्हटलं, "तुमचं वेगळं, ही फुलांची गोष्ट वेगळी," आणि उठून चहा ठेवायला गेले. त्याबद्दल मला माफ करा, वन्सं. चहा तेव्हा कुणालाच नको होता.

त्यानंतर वर्षानुवर्षं हा वाद चालला. तुम्ही त्या सिनेमांच्या बाजूनं आणि मी विरुद्ध. तुम्ही म्हणायचात, ती माणसं चुकतात, पण चुकल्यावर एकमेकांकडे बघतात तरी. मी म्हणायचे, बघायचंच होतं तर आधी बघावं. मनातून मला वाटायचं की त्या चॅनलनं तुम्हाला बिघडवलंय, चौकशीतला तुमचा हात सैल पडलाय. आणि दुसरा एक संशय होता, तो मी तुमच्या भावालाही बोलले नाही. भोरात घराजवळ चांगला शिंपी असताना तुमचे ब्लाऊज वैशूच्या लग्नानंतरही सारोळ्यालाच का शिवले जात होते? तीन-चार महिन्यांनी एक. मी विचारलं तर म्हणालात, तिचा हात बसलाय माझ्या मापावर. मला वाटलं, तुम्ही गुपचूप वैशूकडे जाता, तिच्या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. वैशूला आडून विचारलं, तर आत्या फक्त दिवाळीला येते म्हणाली.

तर हमीदाबाई. परवा त्या दारात उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर, हातात पिशवी. मी ओळखलं नाही. म्हणाल्या, "मी सारोळ्याची. बाईंचे ब्लाऊज म्याच शिवत हुते." आत बसवलं. तुमच्या फोटोकडे बघून त्यांनी डोळे पुसले. पिशवीतून तुमचा शेवटचा ब्लाऊज काढून माझ्या हातात दिला, करड्या रंगाचा, हुक लावायचे राहिलेले. मग आपणहून बोलायला लागल्या, मला सगळं माहीतच आहे असं धरून.

"बाई लई मोठ्या मनाच्या, वैनी. चूक माझी हुती, पर मला कधी बोल लावला न्हाई. त्यांनी इचारलं, शिंद्यांचा संतोष कसा हाय, कंपनीत जातो त्यो. आता आमच्या आळीत एक संतोष शिंदे, कंपनीतच. म्या त्येचं सांगितलं. मला काय ठावं, पल्याड शेतात ऱ्हातो त्यो बी संतोष शिंदेच, त्यो बी कंपनीतच. चिठ्ठीवर बापाचं नाव असतं तर कळलं असतं."

चिठ्ठी माझ्या हातची. बापाचं नाव नसलेला अर्ज आला तर मी खिडकीतून माणसाला परत पाठवते, मग तो वेल्ह्याच्या टोकाहून आलेला असो. एका गावात एका नावाची चार माणसं असतात हे मी रोज दहा जणांना ऐकवते. आणि पोटच्या पोरीच्या लग्नाला मी नुसतं संतोष शिंदे लिहून दिलं.

"मग कळलं कधी तुम्हाला?" मी विचारलं.

"लग्नाची पत्रिका द्यायला बाई सारोळ्याला आल्या की. आधी माझ्याकडंच आल्या, पेढा घिऊन. म्हनल्या, चला, तुमच्या शेजारच्यांकडं जाऊ पत्रिका द्यायला. पत्रिकेवर बापाचं नाव वाचलं आन हातातला पेढा तसाच खाली ठिवला. म्हनलं बाई, ह्ये तर पल्याडचं. बाई तिथंच मशीनजवळ खाली बसल्या. पानी दिलं, तर पिईना झाल्या. आन तवापासनं दर तीन-चार म्हैन्याला यायच्या. ब्लाऊज आपलं निमित्त. पोरीला तरास हाय का, हात उचलतो का, उपाशी ठिवत्यात का, आवाज आला का रातीचा, समदं खोदून इचारायच्या. म्या पल्याडच्या बायकांकडनं काढून ठिवायची. म्हनायच्या, हमीदा, मला खोटं सांगू नको, मी फिरून इचारीन. आन फिरून इचारायच्याच! पर वंगाळ कधी काय निघालं न्हाई."

हमीदाबाई हसल्या, मग पुन्हा रडल्या. त्या गेल्यावर मी तुमचं कपाट उघडलं. सारोळ्याचे ब्लाऊज वेगळे ओळखू येतात, काखेत त्यांची दुहेरी शिवण असते. खालच्या कप्प्यात पंचवीस-तीस तरी निघाले. निम्म्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

ती अख्खी संध्याकाळ मी तुम्हाला शिव्या दिल्या. लग्नाला चार दिवस उरलेले असताना तुम्हाला कळलं होतं की या मुलाची काडीची चौकशी झालेली नाही. आणि तुम्ही घरी येऊन पापड लाटायला बसलात! मला आठवतं, त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत, उपास आहे म्हणालात. कोणता उपास, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, स्वतःचं नाव राखायला केलं. चौकशी चुकली हे चारचौघांत कबूल करायला नको म्हणून माझी मुलगी अंधारात ढकलली. तुमच्याबद्दलही मी हेच म्हटलं, वन्सं. तुमच्या फोटोपुढे उभी राहून म्हटलं.

आज जेवणं आटपल्यावर वैशूला स्वयंपाकघरात गाठलं. तिचा नवरा बाहेर सासऱ्याला सतरंज्या झटकायची योग्य पद्धत समजावून सांगत होता, त्याचा आवाज आत येत होता. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती मटकन खाली बसेल. ती परात पुसत राहिली.

"आई, मला माहीत आहे."

"हमीदाबाईंनी सांगितलं?"

"नाही. आत्यानंच. लग्नाआधी चार दिवस. मला गच्चीवर नेलं आणि म्हणाली, ज्याची मी चौकशी केली तो हा मुलगा नाही. याचं मला काहीही माहीत नाही, चांगलंही नाही नि वाईटही नाही. तू नको म्हणालीस तर मी आत्ता खाली जाऊन सांगते आणि लग्न थांबवते. सगळा दोष माझ्यावर घेते. तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मी त्याच्याशी दोनदा एसटीडीवरून बोललेय, आत्या. मला तो आवडलाय. मला याच्याशीच करायचंय."

"दोनदा बोलून?"

वैशू हसली. "आत्यानंही हेच विचारलं. मग म्हणाली, उद्या काही वाईट निघालं तर पहिल्यांदा माझ्याकडे यायचं, एकही दिवस सोसायचं नाही. अशी शपथच घेतली माझ्याकडून. आणि खूप रडली."

"मग मला का नाही सांगितलंत दोघींनी? मी आई आहे ना तुझी?"

परात तिनं फळीवर ठेवली. माझ्याकडे वळून, काही राग नाही, काही नाही, रोजचं बोलावं तसं म्हणाली, "तू मोडलं असतंस, आई."

तेव्हापासून मी इथं बसले आहे. मोडलं असतं का मी? उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. त्या चार दिवसांत मी सारोळ्याला माणसं पाठवली असती. तंबाखू सापडली असती, बापाशी भांडणं सापडली असती, आणि नसतं काही सापडलं तर न सापडण्याचाच मला संशय आला असता. वैशू कितीही रडली असती तरी मी हलले नसते. मग तिच्यासाठी एखादा शांत, मितभाषी मुलगा शोधला असता, आणि त्याची चौकशी करायला तुम्हालाच पाठवलं असतं. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. तुम्ही मला फसवलंत, वन्सं, आणि माझी पोर आज सुखात आहे. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचं मला सारखंच रडू येतंय.

तरी एक तक्रार राहतेच. लग्नात नाही तर नाही, पण पहिल्या वर्षानंतर तरी सांगायचं होतंत, वैशूचं पहिलं बाळ झालं तेव्हा, निदान शेवटच्या दिवाळीला तरी. मी आकांडतांडव केलं असतं, महिनाभर बोलले नसते, आणि मग तुमच्याबरोबर सारोळ्याच्या एसटीत बसले असते. इतकी वर्षं माझ्या मुलीच्या काळजीनं तुम्ही एकट्याच झुरलात, आणि मी तुमच्या शेजारी बसून त्या पडद्यावरच्या परक्या पोरींची काळजी करत होते.